पाट जिथे रुंद होतो

२२ जून १९९७, रविवार. नेरूळ.

पहाटे पुन्हा तो आवाज. पत्र्याच्या पेटीवर मास्तरांची अंगठी. टक, टक-टक. टक, टक-टक. चौथीचा वर्ग, शेणाने सारवलेली जमीन, सगळी पोरं एका सुरात कविता म्हणतायत आणि मास्तर डोळे मिटून पेटीवर ताल धरून बसलेत. जाग आली तरी ताल चालूच. मग लक्षात आलं, तो छातीतून येतोय. वर कुणी भिजलेलं पोतं ठेवल्यासारखं. उशीला टेकून बसून राहिलो. काही वेळाने गेलं.

हिला सांगितलं नाही. चहा देताना म्हणाली, "तोंड का उतरलंय?" म्हटलं, कविता आठवत होतो.

"आठवत होतात की विसरत होतात?"

कविता मास्तरांनी स्वतः रचलेली, गावच्या ओढ्यावर. पुस्तकात नव्हती. फक्त आमच्या वर्गाच्या तोंडात होती. पहिलं कडवं पक्कं आहे.

धाव ओढ्या धाव रे,
पुढे तुझा गाव रे;
थांबशील तर होशील डबके,
डबक्याला ना नाव रे.

मधली कडवी ठिगळं लावून येतात. शेवटचं अजिबात नाही. ताल येतो, शब्द येत नाहीत.

२४ जून, मंगळ.

बागेतला बाक. सकाळी तिथे आम्ही म्हातारे बसतो. निम्म्यांची बायपास झालेली, शिंदे त्यांचे पुढारी. वाशीच्या मार्केटात मापाडी होते, गाव माझ्याच तालुक्यातलं. आवाज अजून गाळ्यावरून हाक मारल्यासारखा. शर्टाची वरची दोन बटणं कायम उघडी, टाक्यांची रेघ दिसावी म्हणून. नव्या माणसाला पहिला प्रश्न, "किती ब्लॉक?" तीन असतील तर जागा देतात. एक असेल तर उभं ठेवतात.

आज बागेच्या चढावर दम लागला. थांबलो. शिंद्यांनी खिशातून जिभेखालची गोळी काढली. "घ्या ओ रावसाहेब, पेपरमिंट हाय समजा." (मी पाटबंधाऱ्यात कालवा निरीक्षक होतो, म्हणून रावसाहेब. तिकडे शेतकरी म्हणायचे, ते यांनी इथे आणलं.) घेतली. छातीतलं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. डोकं गरगरलं. मी बोललो नाही. शिंद्यांनी मात्र घरी येऊन हिला सगळं सांगितलं, वर चहा घेऊन गेले.

संध्याकाळी मुलगा, विलास, ऑफिसातून आला तो थेट हॉस्पिटलात नंबर लावूनच.

४ जुलै, शुक्र.

अँजिओग्राफी झाली. जांघेतून बारीक नळी घालून थेट हृदयापर्यंत नेतात, रंग सोडतात, टीव्हीवर बघतात. मी जागाच होतो. मान वळवून मीही बघितलं. आपलं आतलं असं परक्यासारखं बघायला मिळतं.

रंग सुटला. वर सरसर गेला आणि मग एके ठिकाणी रेंगाळला. पुढे जाईना. मला ते दृश्य ओळखीचं वाटलं. कुठे बघितलंय ते कळेना.

डॉक्टर उंच, पन्नाशीतले, बेलापूरला राहतात म्हणे. बोलताना मान वर करत नाहीत, कागदाकडेच बोलतात. म्हणाले, "ब्लॉक नाहीत."

विलास हुश्श झाला.

"उलटं आहे. हृदयाच्या रक्तनळ्या रुंद झाल्यात. फुगल्यात. उजवी तर जवळजवळ दुप्पट. सगळ्या बाजूने सैल पडलीय."

"मग चांगलंच ना? रस्ता मोठा," विलास म्हणाला.

"रस्ता मोठा, पण रक्त तेवढंच. मंदावतं. मंदावलं की गोठतं. गोठलेला कण पुढे बारीक नळीत जाऊन अडकला की अ‍ॅटॅक."

तेव्हा कुठे मला आठवलं, काय बघितलं होतं ते. पाट जिथे रुंद होतो तिथे पाणी असंच रेंगाळतं. तिथेच गाळ बसतो, तिथेच शेवाळ. उभा जन्म आम्ही तो गाळ काढला. तोंडातून निघून गेलं, "थांबशील तर होशील डबके."

"काय म्हणालात?" डॉक्टर, कागदाकडे बघून.

"काही नाही. शाळेतलं."

७ जुलै, सोम.

घरी. जांघेत काळंनिळं, बाकी ठीक.

इलाज असा. रक्त पातळ राहायची गोळी, रोज संध्याकाळी. दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायचं. त्याचा एक आकडा येतो. तो एका पट्ट्यात राहायला हवा. वर गेला तर कुठूनही रक्त येईल, खाली गेला तर गोठेल. पट्ट्यात राहिला तर गोळीवर निभावेल. नाही राहिला तर ऑपरेशन. आणि ती जिभेखालची गोळी कुणीही दिली तरी घ्यायची नाही. तिने नळ्या आणखी सैल होतात.

सूनबाई, मेधा, औषधांच्या कंपनीत आहे. तिने सांगितलं, "आण्णा, ही गोळी मूळची उंदराच्या औषधातली."

ही म्हणाली, "मग गणपतीत बंद ठेवायची का? त्याच्या वाहनाला काय वाटेल."

डॉक्टरांनी खाण्याचं विचारलं होतं. पालेभाजी खाता का? हिने सांगितलं, रोज. मेथी, पालक, चवळी, काही ना काही असतंच. डॉक्टर म्हणाले, "चालेल. आहे तेच ठेवा. त्यावरच गोळी बसवतो. बदल मात्र नको."

ही परत येताना रिक्षात म्हणाली, "जन्मभर सगळ्यात हात आखडता. नळ्या मात्र ऐसपैस."

९ जुलै, बुध.

बाकावर शिंद्यांचा प्रश्न. "किती निघाले?"

"एकही नाही."

सगळे माझ्या शर्टाकडे बघू लागले. मग समजावून सांगितलं, नळ्या रुंद आहेत. शिंदे म्हणाले, "म्हंजे आमाला गल्लीबोळ अन् तुमाला हायवे? काय रावसाहेब, हितंबी सरकारी काम व्हय."

दुसऱ्या एकाने सांगितलं, रोज लसणाच्या पाकळ्या दुधात उकळून घ्या, नळ्या मोकळ्या होतात. मोकळ्याच आहेत हो, म्हटलं. त्यांना पटलं नाही. बसायला जागा दिली, पण सरकून नाही.

२६ जुलै, शनि.

तिसऱ्यांदा रक्त. आकडा पट्ट्यात. डॉक्टर कागदाला म्हणाले, "छान."

पहाटेचं पोतं आलं नाही. गॅलरीत बसून ओढ्याच्या कवितेचं तिसरं कडवं जुळवत होतो. त्यात वडाची पारंबी आहे हे नक्की. पारंबीचं पुढे काय झालं ते…

४ ऑगस्ट, सोम.

श्रावण लागला. पहिलाच दिवस सोमवार. आजपासून घरात पाला बंद. शाकव्रत. आमच्या आईने हिच्याकडे दिलं, लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात. महिनाभर पालेभाजी शिवायची नाही. पुढे भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात डाळी. पूर्वी ही एकटीच करायची. मी खात्यात असताना फिरतीवर कुणाच्याही वस्तीवर काय वाढतील ते खायचो. यंदा म्हणाली, "तुम्हीही धरा. तुमच्या छातीसाठी मी देवाला बोललेय."

धरलं. पालेभाजीचं मला काही प्रेम नाही. शेपू तर नकोच.

१५ ऑगस्ट, शुक्र.

सोसायटीत झेंडावंदन. पोरांनी कविता म्हटल्या, सगळ्या मायक्रोफोनला चिकटून. ताल कुणीच धरला नाही.

दाढी करताना बारीक कापलं. रक्त थांबेना. तुरटी, कापूस, पुन्हा तुरटी. झेंड्याला गालावर कापूस चिकटवून उभा होतो. शिंदे सलामी देता देता पुटपुटले, "लढाईवर कदी गेला हुता?"

२१ ऑगस्ट, गुरु.

दात घासताना हिरड्यांतून लाल. दंडावर जांभळा डाग, कुठे आपटलो ते आठवत नाही. रक्त तपासलं. आकडा पट्ट्याच्या फार वर. विलासने मला त्याच पावली डॉक्टरांकडे नेलं. हीसुद्धा आली.

डॉक्टर. "गोळ्या चुकून दोन घेतल्या का?"

"नाही."

"दुसरं औषध? ताप, पोट, काही?"

"नाही."

"खाण्यात बदल?"

ही म्हणाली, "काही नाही. दरवर्षीचंच."

डॉक्टरांनी तसं लिहिलं. गोळी कमी केली. म्हणाले, काहींना गोळी अशी अंगावर येते.

३० ऑगस्ट, शनि.

आकडा अजून वरच. गोळी आणखी कमी. आता अर्धीची अर्धी. ही ती चिमट्याने उचलते.

डॉक्टर आज काहीच म्हणाले नाहीत. छान नाही, वाईट नाही. मला खात्यातला एक कार्यकारी अभियंता आठवला. न बोलता नुसता नकाशा बघायचा, आणि दुसऱ्या दिवशी बदली यायची.

७ सप्टेंबर, रवि.

काल गणपती बसले, दीड दिवसाचे. आज ऋषीपंचमी. मेधा चिपळूणची, तिच्याकडे आज ऋषीची भाजी. सकाळी गावातल्या आगरी बाईकडून पिशवीभर आणली. अळू, लाल माठ, हिरवा माठ, भोपळ्याचा पाला, वर सुरण, भेंडी, मक्याची कणसं. बाई म्हणाली म्हणे, "घे गं बाय, सगला रानचा हाय, बैलाचा काय बी नाय." बैलाच्या कष्टाचं आज खात नाहीत. हिला हे सगळं मान्य. कोकणची सून आल्यापासून आमच्या घाटावरच्या घरात ऋषीही जेवतात.

महिनाभराने पाला. खरं सांगायचं तर तीनदा घेतली. अळवाचं फदफदंही होतं. ही खूश. "श्रावणभर तोंडाला चव नव्हती, बघा आता कसे जेवताय."

विसर्जनाला खाली उतरलो नाही. गॅलरीतून बघितलं.

१४ सप्टेंबर, रवि.

आठवडाभर रोज पाला. मेथी, चुका, अंबाडी. हिने श्रावणाचा अनुशेष भरून काढला.

पहाटे पोतं आलं. या वेळी उठलं नाही. घाम. डावा हात. विलासने गाडी बोलावली. रात्री हॉस्पिटलातच ठेवलं. हे तिथेच लिहितोय. आकडा पट्ट्याच्या पार खाली. अ‍ॅटॅक नाही, पण उंबऱ्यापर्यंत येऊन गेला असं धाकटे डॉक्टर म्हणाले.

शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपेत हिशेब करत होता. मी पारंबीवर होतो.

१६ सप्टेंबर, मंगळ.

घरी सोडलं. त्याआधी डॉक्टर आले. कागद बराच वेळ बघितला.

"कधी वर, कधी खाली. तुमच्या बाबतीत या गोळीवर भरवसा ठेवता येत नाही. बेभरवशाची गोळी गोळी नसल्यापेक्षा वाईट."

मग ऑपरेशनचं समजावलं. पायातली शीर काढून नवी वाट करायची, फुगलेला भाग बांधून टाकायचा. वयाच्या मानाने जोखीम आहे. "गोळी लागू पडली असती तर मी हे सुचवलं नसतं." तारीख दसरा झाल्यावर लगेच. सोमवारी भरती.

विलास बाहेर येऊन म्हणाला, "आण्णा, एकदाचं करून टाकू. रोज ही टांगती तलवार नको." त्याने रजाही टाकली. बरोबर आहे त्याचं. मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं.

मला छाती उघडायची नाही. का, ते नीट सांगता येत नाही. भीती आहेच. पण नुसती भीती नाही. टेबलावर झोपवल्यावर ताल थांबवतात, यंत्रावर ठेवतात, मग पुन्हा चालू करतात. शिंदे सांगत होते. ताल एकदा थांबला की पोरं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मास्तर मधूनच कधी उचलू द्यायचे नाहीत.

ही देवापुढे बसली.

१८ सप्टेंबर, गुरु.

पितृपक्ष. दुपारी ही गॅलरीत मेथी निवडत बसलेली, मी समोर. डोक्यात काही नव्हतं. म्हणजे ओढा होता.

खात्यातल्या पहिल्या साहेबांनी मला एक गोष्ट शिकवली होती. पाटाच्या शेवटाला पाणी कधी कमी, कधी जास्त येऊ लागलं, तर लगेच पाणी सोडायच्या दाराला हात लावायचा नाही. काठाने वर चालत जायचं. वरून काय येतंय ते बघायचं. कुणी शेतात पाणी घ्यायला बारी फोडलीय, कुठे गवत अडकलंय. नवशिके दारच फिरवत बसतात. मग सगळंच बिघडतं.

डॉक्टर महिनाभर दार फिरवतायत.

वर चालत गेलो. जुलैत आकडा नीट. ऑगस्टात वर. सप्टेंबरात खाली. ऑगस्टात काय झालं? श्रावण. सप्टेंबरात काय? गणपती. समोर मेथीची जुडी.

हिला विचारलं, "श्रावणात मी पाला खाल्ला?"

"व्रतात कसा खाल?"

"आणि आता?"

"आता रोजच की."

"डॉक्टरांनी खाण्यात बदल विचारला तेव्हा तू नाही म्हणालीस."

"बदल कसला? दरवर्षीचं आहे ते. तुमच्या आईपासूनचं." मग हातातली काडी तशीच राहिली. तिला कळलं होतं, पण कळल्याचं तिने लगेच मान्य केलं नाही. खाली बघून म्हणाली, "तुमच्यासाठीच तर धरलं होतं."

मी म्हटलं, मला माहीत आहे.

रडली नाही. मेथी पुन्हा जुडीत बांधली, जणू बाजारात परत द्यायचीय. आत जाऊन गॅस बंद केला. कुकर लावलेला नव्हता, तरी.

संध्याकाळी मेधाने पुस्तक काढून वाचलं. पालेभाज्यांत रक्त गोठवणारं जीवनसत्त्व असतं. गोळी त्याच्याविरुद्धच काम करते. पाला बंद, गोळी जिंकते. पाला सुरू, गोळी हरते. मेधा कपाळाला हात लावून बसली. "तीनदा वाढली मी तुम्हाला ऋषीची भाजी."

"मी मागितली," म्हटलं.

२२ सप्टेंबर, सोम.

डॉक्टरांकडे. विलास यायला तयार नव्हता. "आण्णा, ऑपरेशन टाळायला तुम्ही आता भाजीवर आलात." शेवटी आला. वाटभर ही म्हणत होती, "व्रताचं सांगायचं? हसतील." मग म्हणाली, मीच सांगते.

सांगितलं. उभी राहूनच. सासूबाईंपासून सुरुवात केली. डॉक्टर लिहायचे थांबले. मान वर केली. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे डोळे बघितले, घारे आहेत.

"शाक म्हणजे नक्की काय काय येतं त्यात?"

हिने सगळं सांगितलं. कोथिंबीर येते का? येते. शेवग्याची पानं? येतात. कोबी? त्यावर मतभेद आहेत. डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं. हसले नाहीत. म्हणाले, "हे मी विचारायला हवं होतं. 'बदल' असं विचारलं, तिथेच चुकलं."

विलासने माझ्याकडे बघितलं; भाजीवरून तो बोलला होता ते मी काढलं नाही, खिडकीबाहेर बघितलं.

ठरलं ते असं. गोळी जुलैतली, तेवढीच. रोज एक वाटी पालेभाजी, ना कमी ना जास्त, सणावारालाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी रक्त. आकडा पट्ट्यात आला तर ऑपरेशन पुढे ढकलू, न जाणो कायमचं. नाही आला तर सोमवारी भरती. तारीख रद्द करत नाही.

निघताना हिने विचारलं, "आश्विनात मी दूध सोडते. ते यांना चालेल?"

"दूध चालेल."

"आणि पुढच्या श्रावणात?"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "पुढचा श्रावण येऊ दे."

दारापर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाले, "ते डबक्याचं काय म्हणाला होतात त्या दिवशी?"

चारही ओळी म्हणून दाखवल्या. रिसेप्शनवरची मुलगी बघत राहिली. डॉक्टर म्हणाले, "पुढे?"

पुढचं येत नाही, म्हटलं.

२५ सप्टेंबर, गुरु.

वाटी ठरली. विलासच्या उष्टावणाची चांदीची. हिने कपाटातून काढून चिंचेने घासली. रोज त्याच वाटीने, काठोकाठ, बोटाने सपाट करून. आज चवळी.

शिंदे घरी आले. सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजे आमचं तेलानं बिगडलं अन् तुमचं देवानं."

ही आतून म्हणाली, "देवानं नाही. मी."

शिंदे आतल्या दाराकडे वळले. मग म्हणाले, "वैनी, माजी बायको हुती तवा माज्यासाठी गुरुवार धरायची. त्या दिशी मी भाईर भजी खायचो. तुमी दोगं मिळून धरलं, येवडीच चूक."

ही हसली नाही, पण चहा ठेवला.

१ ऑक्टोबर, बुध.

शेपू. एक वाटी. काठोकाठ. लहानपणी याच भाजीसाठी मी ताट सरकवून पळायचो. आता म्हातारपणी चांदीच्या वाटीतून खातो. ही समोर बसून बघते. शेवटचा घास ठेवू देत नाही.

"उद्या घट बसणार. देवीपुढे काय बोलू?"

"काही बोलू नकोस. यंदा नुसती आरती कर."

तिने रिकामी वाटी उचलली. म्हणाली, "नुसतं कसं बसायचं देवापुढे? काही द्यायला तर हवं." मग म्हणाली, "माझं एकटीचं धरते. तुमच्या ताटातलं नाही." काय धरलं ते सांगितलं नाही. रात्री तिने साखरेचा डबा मागे सरकवला, एवढं दिसलं.

६ ऑक्टोबर, सोम.

हिरड्या स्वच्छ. दंड स्वच्छ. पोतं नाही. याचा अर्थ काही नाही, असं विलास म्हणतो. त्याचं बरोबर आहे. आकडा रक्तात असतो, हिरड्यांत नाही.

विलास सध्या रोज माझ्याबरोबर बागेपर्यंत येतो.  आज चढावर म्हणाला, "आण्णा, ती ओढ्याची कविता मला कधी शिकवली नाहीत."

म्हटलं, तुझ्या शाळेत इंग्रजी होतं.

"म्हणून?"

खरंच, म्हणून काय? चार ओळी म्हटल्या. उतारावर त्याने त्या पुटपुटल्या. ताल चुकला. दुरुस्त केला नाही.

त्याने भरतीची बॅग भरून ठेवलीय. दाराशीच असते. ही रोज ती आत सरकवते, तो रोज बाहेर आणतो.

१० ऑक्टोबर, शुक्र.

सकाळी रक्त दिलं. रिपोर्ट उद्या दुपारी. डॉक्टर फोन करतो म्हणाले. फोन कालपासून मेलाय. टेलिफोनवाल्यांनी खाली रस्ता खणलाय. विलास ते कळवायला नाक्यावरच्या बूथवरून दोनदा लावून आला, डॉक्टर लागत नाहीत.

खणलेल्या चरात पाणी साठलंय. गॅलरीतून दिसतं. वर पातळ हिरवी साय आलीसुद्धा.

आज माठ. वाटी.

११ ऑक्टोबर, शनि. दसरा.

सकाळपासून बेल. सोसायटीतली माणसं सोनं द्यायला येतायत. आपट्याच्या पानांचा टेबलावर ढीग. ही म्हणाली, "हाही पालाच की. एक वाटी होईल."

दुपार झाली. रिपोर्ट नाही. जेवण झालं. पुरी, श्रीखंड, आणि वाटी. मेथी. सणाच्या ताटात मेथीची वाटी, चांदीची, कडेला. हिने श्रीखंड घेतलं नाही. कुणी विचारलं नाही.

विलास वाशीला हॉस्पिटलात जाऊन यायला निघाला होता. मेधाने अडवलं, सणाचं जेवून जा म्हणाली. आता निघालाय. बॅग दाराशी आहे. आज हिने ती आत सरकवली नाही.

चार वाजले असतील. ऊन गॅलरीत अर्ध्यावर आलंय. बसल्या बसल्या शेवटच्या कडव्याची पहिली ओळ आली. आपोआप, हाक मारल्यासारखी.

सांजवेळी कोण आले

एवढंच. ओढ्याच्या काठी कुणीतरी येतं. गुरं असतील. की मास्तर स्वतः? दुसरी ओळ अगदी जिभेवर आहे. "काठावरती"ने सुरू होते.

बेल.

शिंदे असणार, त्यांचं सोनं द्यायचं राहिलंय. ही म्हणतेय, तुम्ही बसा. विलास दाराशीच होता, त्याने उघडलं.

काही बोलत नाही कुणी. शिंदे असते तर एव्हाना आवाज आला असता.

वाकून बघितलं. डॉक्टर. एकटे. दारात बूट काढतायत, लेस सोडायला खाली वाकलेत, म्हणून तोंड दिसत नाही. विलास बॅगेचा बंद धरून उभा. डॉक्टर बुटाकडे बघूनच म्हणाले, "फोन लागेना तुमचा."

ही आतून आली. तिने टेबलावरचं एक पान उचललं आणि पुढे केलं. डॉक्टरांनी मान वर केली, पान घेतलं आणि या वेळी कागदाला नाही, हिला म्हणाले, "छान."